तिसऱ्या कडव्याची धास्ती

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने गाऊ नये, असा कुठे कायदा नाही. असता, तर निदान सत्तावीस इमारतींमधल्या लोकांची दुपारची झोप वाचली असती. हा गडी लिफ्टच्या पेटीच्या टपावर चढला, बॅटरी लावली आणि रुळांना तेल घालायला बसला, की त्याचा गळा आपोआप सुटायचा. त्या उभ्या काळोख्या बोगद्यात आवाज असा घुमायचा, की तळमजल्यावर सोडलेला सूर बाराव्या मजल्यावर पोचेपर्यंत चांगला अंग धरायचा. नवव्या मजल्यावरच्या एक बाई तर दोन वर्षं समजत होत्या, की शेजाऱ्यांनी रेडिओ भिंतीत चिणलाय.

लोक त्याला लिफ्टबुवा म्हणत. वय बेचाळीस, उंची बेताची, पोट बेताबाहेर, वरच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. कामाला मात्र चोख. दुरुस्ती झाली की प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून तो उंबऱ्यावरून अंगठा फिरवायचा. पेटीची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यात नखाएवढा फरक लागला, तरी पुन्हा सगळं उघडून बसायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, "एवढ्याशालाच अडखळून म्हातारी माणसं पडतात, साहेब. लिफ्टने मजल्यावर पोचवायचं असतं, मजल्याजवळ नाही."

आणि असं म्हणणाऱ्या माणसाचं एकही गाणं आजवर शेवटाला पोचलेलं नव्हतं! म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. त्याच्या वहीत त्याने स्वतः रचलेली एक्केचाळीस गाणी होती. प्रत्येकाची दोन कडवी झकास, तिसऱ्याची पहिली ओळ, आणि खाली कोरं पान. दुसऱ्याची गाणी म्हणतानाही तेच. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ संपली आणि आता आवाज वर न्यायचा, असं झालं, की हा थांबायचा आणि मान डावीकडे वळवून बघायचा. वाढदिवस असो, निरोपसमारंभ असो, मान डावीकडे. ऐकणारेही डावीकडे बघायचे. तिथे कधीच काही नसायचं.

डावीकडे घरात त्याच्या आईचं शिलाईमशीन असायचं, ही त्यातली खरी गोष्ट.

आई कपड्यांचं आल्टरेशन करायची. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पायमशीन, आणि शेजारी परक्या लोकांच्या पँटी, झगे आणि कोट यांचा ढीग. कुणाची कंबर वाढलेली, कुणाची बाही लांब. आई सगळ्यांना जागेवर आणायची. तिच्यापुढे भलेभले सुतासारखे सरळ उभे राहायचे, कारण तिच्या तोंडात कायम चारपाच टाचण्या असायच्या आणि टाचण्या तोंडात धरलेल्या बाईशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही. तिचं निम्मं आयुष्य ओठ मिटून बोलण्यात गेलं. 'ऊंहूं' म्हणजे हात खाली घे. 'म्हं' म्हणजे जेवलास का. या दोन शब्दांवर तिने दोन मुलं वाढवली, एक नवरा सांभाळला.

फक्त मुलाचं गाणं थांबवायचं असलं, की ती तोंड उघडून बोलायची. तो खोलीत उभा राहून रंगात आलेला असायचा, तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ संपायची, आणि डावीकडून आवाज यायचा, "अरे, टाकी भरली का बघ!" नाहीतर, "दूध!" नाहीतर, "दार वाजतंय." दारात कुणी नसायचं. टाकी अर्धी असायची. दूध तर बऱ्याचदा अजून गॅसवर ठेवलेलंही नसायचं. तो परत येईपर्यंत मशीन खडखडायला लागलेलं असायचं आणि गाण्याचं मातेरं झालेलं असायचं.

याची सुरुवात कुठे झाली, तेही लिफ्टबुवाला पाठ होतं. पाचवीत शाळेच्या स्पर्धेत तो मंचावर गात होता. तिसरं कडवं लागलं, आवाज वर न्यायला त्याने श्वास भरला, आणि भरल्या हॉलमध्ये आई उभी राहून ओरडली, "अरे, बुटाची नाडी सुटलीये बघ!" सगळा हॉल खो खो हसला. त्याने खाली पाहिलं. दोन्ही नाड्या नीट बांधलेल्या होत्या. गाणं तिथेच संपलं, आणि आपल्या आईला आपलं गाणं आवडत नाही, ही गाठ त्याच्या मनात पडली ती पडलीच.

तर अशी ती आई अकरा महिन्यांपूर्वी गेली. पुढच्या महिन्यात तिला सत्तर पुरी झाली असती. त्या वाढदिवसाला इमारतीच्या हॉलमध्ये तिची गिऱ्हाइकं आणि मैत्रिणी यांना बोलवायचं, चहा द्यायचा, असं ताईने ठरवलं. ताई म्हणजे लिफ्टबुवाची मोठी बहीण. दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची, त्यामुळे 'पुढचा कोण?' हा तिचा जगाकडे बघायचा दृष्टिकोन होता.

"आणि तू गाणं म्हणशील," ती भावाला म्हणाली. "आईवर. नवीन. आणि पूर्ण."

"पूर्ण?"

"शेवट असलेलं. असतो गाण्यांना. मी ऐकलाय."

आता आली का पंचाईत! पण लिफ्टबुवालाही मनातून तेच हवं होतं. त्याला एक गोष्ट आतून खात होती, आणि ती त्याने ताईलाही सांगितली नव्हती. आईच्या इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तो तिच्या उशाशी बसून हळू आवाजात गात होता. तिचं बोलणं तेव्हा बंद झालं होतं. दुसरं कडवं सुरू झालं तशी तिने डोळे उघडले. दोन बोटांची चिमूट करून हात ओठांजवळ नेला, बाजूला केला, पुन्हा नेला. त्याला वाटलं, पाणी हवंय. गाणं थांबवून त्याने तिला दोन चमचे पाणी पाजलं. ती ते प्यायली, पण तिने त्याच्याकडे जरा रागाने पाहिलं. गाणं पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. दोन दिवसांनी ती गेली. निदान एक गाणं तरी तिच्यासाठी शेवटापर्यंत न्यायचं, नाहीतर वही लिफ्टच्या खड्ड्यात फेकून द्यायची, असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं.

पहिला खर्डा त्याने ताईला वाचून दाखवला. मायेचा सागर, दयेची सावली, असं सगळं ठासून भरलं होतं. ताईने चष्मा कपाळावर चढवला.

"ही कोणाची आई?"

"आपली."

"आपली आई 'हसून जवळ घ्यायची'? माप घ्यायला घ्यायची, ते वेगळं."

तो कागद गेला. मग त्याने आठ दिवस घालवून दुसरं लिहिलं, आणि ते घेऊन मास्तरकडे गेला. मास्तर हा त्याचा जुना दोस्त, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायची त्याला इतकी सवय, की गाण्याने जरा वेग घेतला की त्याचा पाय जमिनीवर दाबला जायचा. त्याने कागद वाचला. दोनदा वाचला. नाक ओढलं.

"हे सोल आहे," तो म्हणाला. "आत्म्याचं गाणं. सावकाश घ्यायचं. आत्मा पहिल्या गिअरमध्ये चालतो. घाई केलीस की बंद पडतो."

"पण तिसऱ्या कडव्याला आवाज वर जातो रे."

"चढ आहे तर चढायचं. चढावर गाडी सोडून कोण पळतं?"

लिफ्टबुवा पळत होता. मास्तरच्या घरी नऊ वेळा झालं, नऊही वेळा पहिल्या ओळीनंतर मान डावीकडे. मग भर दुपारी तो आपल्याच इमारतीच्या लिफ्टच्या टपावर चढून बसला. तिथे आई नाही, मशीन नाही, डावीकडे नुसती सिमेंटची भिंत. दोन कडवी अशी घुमली, की चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी दाराला कान लावला. आणि तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ संपल्यावर सगळं शांत. आजोबा बराच वेळ थांबले. शेवटी त्यांनी दारावर टकटक करून विचारलं, "अडकलात का हो?"

"हो," आतून आवाज आला.

आता राहिले बाबा. बाबा छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासायचे. चूक दिसली तर तोंड उघडायचं, नाहीतर नाही, हा त्यांचा बाणा, आणि बायकोच्या बोलण्यात त्यांना सहसा चूक सापडत नसे, किंवा सापडली तरी सांगण्याची सोय नसे. त्यामुळे घरात त्यांचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. अजूनही रोज सकाळी पेन्सिल ओठांत धरून ते वर्तमानपत्रातल्या चुका काढत बसत. गाण्याचा कागद त्यांना दाखवायची लिफ्टबुवाची हिंमत नव्हती. आठवीतला त्याचा निबंध त्यांनी तपासला होता, त्या आठवणीनेच त्याला अजून घाम फुटायचा.

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले तेव्हा मात्र तो त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"बाबा, आईला माझं गाणं का आवडायचं नाही?"

बाबांनी एका बातमीतला एक शब्द खोडला. मग ओठांतली पेन्सिल खाली ठेवली.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? भर हॉलमध्ये ओरडली. बुटाची नाडी म्हणे!"

"सुटली होती?"

"नव्हती ना! तेच तर म्हणतोय. दोन्ही घट्ट होत्या."

"असणारच. सकाळी तिनेच बांधल्या होत्या. दुहेरी गाठ मारून." बाबांनी चष्मा पुसला. "तिला माहीत नव्हतं होय?"

लिफ्टबुवाने आपल्या पायांकडे पाहिलं. बत्तीस वर्षं त्या घट्ट नाड्या त्याने आईविरुद्ध पुरावा म्हणून जपून ठेवल्या होत्या.

"त्या आठवड्यात घरी तू ते गाणं सतरा वेळा म्हटलंस," बाबा म्हणाले. "मी मोजलंय. सतराही वेळा त्या वरच्या जागी तुझा आवाज फाटला. आणि स्पर्धेत तुझ्या आधी एक मुलगा होता. त्याचा फाटला. काय हसले लोक! पोरगा रडत आत पळाला. ही मला म्हणाली, माझ्या पोराला असं हसलेलं मला नाही बघवणार. मी म्हटलं, गप्प बैस. पण ती कसली गप्प बसतेय!"

"पण लोक हसलेच की, बाबा."

"हसले ना. तिला हसले."

खिडकीखाली मशीनवर चादर घातलेली होती. लिफ्टबुवा तिकडे बघत राहिला. बाबा मात्र आता सुरू झाले होते. वर्षानुवर्षं बंद असलेला नळ सुटावा तसे.

"मग घरीही तिने तोच हेका धरला. मी सांगायचो, पोरगा मोठा झाला, मिशा आल्या, आता नाही फाटायचा आवाज. पालथ्या घड्यावर पाणी. दुसरं कडवं लागलं की तिचं मशीन थांबायचं, आणि ती तोंडातल्या टाचण्या काढायला लागायची. एकेक करून, हळूच. टाचण्या तोंडात ठेवून ओरडता येत नाही ना. टाचण्या निघायला लागल्या, की मी ओळखायचो, आता टाकी भरणार." त्यांनी हवेतच दोन बोटांची चिमूट करून ओठांजवळ नेली, बाजूला केली, पुन्हा नेली. "अशा."

ती चिमूट बघितली आणि लिफ्टबुवाला इस्पितळातली ती दुपार आठवली. तिला पाणी नको होतं. आवाज उरला नव्हता, उठवत नव्हतं, आणि इस्पितळाच्या खाटेवर पडल्या पडल्या ती तोंडात नसलेल्या टाचण्या काढत होती. का, तर चार नर्सांसमोर पोराची फजिती होऊ नये. आणि पोराने काय केलं? दोन चमचे पाणी पाजलं. बेचाळीस वर्षांचा तो बाप्या बापासमोर बसून ढसाढसा रडला. बाबांना काय करावं सुचेना. त्यांनी वर्तमानपत्राची आतली पुरवणी काढून त्याच्या हातात दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. लोखंडी खुर्च्या ओढल्याचा करकराट थांबेना. आलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या अंगावर आईच्या हातचा एखादा तरी टाका होता. बुवाच्या बुटांना ग्रीस लागलेलं बघून ताईने आयत्या वेळी ते काढायला लावले आणि बाबांच्या चपला त्याच्या पायात सरकवल्या. चपला दोन बोटं मोठ्या होत्या. बाबा स्वतः बूट घालून, पेन्सिल ओठांत धरून, पहिल्या रांगेत डावीकडच्या टोकाला बसले. मास्तरने गिटार जुळवायला इतका वेळ घेतला, की नमनालाच घडाभर तेल संपलं. शेवटी ताई म्हणाली, "पुढचा!"

मास्तरने पहिला गिअर टाकला. गाणं निघालं.

*तुझ्या ओठांत टाचण्या, माझ्या ओठांत गाणं,*
*दोघांनाही जमलं नाही नीट काही बोलणं.*

मागच्या रांगेतल्या एका जाड बाईंनी लगेच पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या ब्लाउजच्या शिवणी आईने सात वेळा उसवून मोठ्या केल्या होत्या आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

*जगाचं सारं उसवलेलं बांधलंस तू टाक्यात,*
*मी तेवढा राहिलो लोंबत एका सुट्या धाग्यात.*

ताई हसतही होती आणि रडतही होती. दोन्हींचा तिला राग येत होता. मग तिसरं कडवं आलं.

*आता मधेच हाक मारायला घरात कोणी नाही...*

आणि लिफ्टबुवा थांबला. मान डावीकडे वळली. मास्तरचा पाय जमिनीवर दाबला गेला, पण बोटं तोच सूर पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सगळं कळलं होतं, सगळं रडून झालं होतं, तरी पुढचा सूर काही उचलेना. कारण आता खरंच कुणी हाक मारणार नव्हतं, आणि ते त्याला पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये, इतक्या लोकांसमोर, नीट समजत होतं. मागे कुणीतरी खाकरलं.

पहिल्या रांगेत बाबांनी ओठांतली पेन्सिल काढली. खिशाला अडकवली. आणि गुडघ्यांवर हात टेकून ते उभे राहिले.

"अरे!" ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडत असल्यामुळे आवाज जरा चिरका निघाला. "बुटाची नाडी सुटलीये बघ!"

सगळ्यांनी बुवाच्या पायांकडे पाहिलं. दोन बोटं मोठ्या चपलांतून त्याची दहाही बोटं बाहेर बघत होती. हॉल असा हसला, की खुर्च्या हलल्या. म्हाताऱ्याला हसला. म्हातारा तसाच उभा, मान ताठ, पोराकडे बघत. जणू म्हणत होता, मी बघतो यांचं, तू जा पुढे.

बुवाने खाली पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. त्यालाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच गळा सुटला.

*गाणं पुरं होतंय बघ, ऐकतेस ना गं आई?*

आवाज वर गेला आणि फाटला. अगदी पाचवीत फाटायचा त्याच जागी, तसाच. पण लोक अजून बाबांनाच हसत होते, त्यामुळे कुणाला पत्ताही लागला नाही. फाटलेला आवाज त्याने तसाच पुढे नेला, आणि हळूहळू हॉल शांत झाला. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा सगळे ऐकत होते. तेव्हा नाही फाटला. 'आई' या शब्दावर गाणं खाली उतरलं आणि थांबलं. मजल्यावर, मजल्याजवळ नाही.

गाणं संपल्यावर काय करतात, हे लिफ्टबुवाला माहीतच नव्हतं. तो हात लोंबकळत सोडून उभा राहिला.

"आता?" त्याने मास्तरला हळूच विचारलं.

"गाडी पोचली," मास्तर म्हणाला. त्याचेही डोळे भरलेले होते. "हँडब्रेक लाव आणि उतर."

टाळ्या वाजत होत्या. तो उतरून बाबांपाशी गेला. बाबांनी हात पुढे केला. "कागद दे."

त्यांनी पेन्सिल काढली आणि वरून खाली सगळं गाणं वाचलं. तिसऱ्या कडव्यावर पेन्सिल अडली.

"हे 'घरात कोणी नाही' काय आहे? मी काय मेलोय?" त्यांनी ती ओळ खोडली. "बदल हे."

"बदलतो, बाबा."

मग ते शेवटच्या ओळीवर आले. ती त्यांनी दोनदा वाचली. कागद उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं.

"एवढंच होतं होय पुढे?" ते म्हणाले. "उगाच बत्तीस वर्षं धास्ती घेऊन बसली होती."